वकील, रेसिडेंट, उच्चायुक्त : पदवी कोणाची आणि शब्द कोणाचा?



आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून निघालेला आहे. वर्तमानपत्रात वॉशिंग्टनच्या भारतीय प्रतिनिधीला ‘राजदूत’ म्हणतात, लंडनच्या प्रतिनिधीला ‘उच्चायुक्त’ म्हणतात आणि न्यूयॉर्कला ‘वाणिज्य महादूत’ असतो. मग यांच्यात मोठा कोण? उत्तर एका वाक्यात देता येतं. राजदूत आणि उच्चायुक्त बरोबरीचे, वाणिज्यदूताचं काम वेगळं. झालं, विषय संपला. पण एवढ्यावर थांबलो तर आपण फक्त पाट्या वाचल्यासारखं होईल. पाटीच्या मागचं घर बघायचं असेल तर ‘मोठा कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरे तीन प्रश्न विचारायला हवेत. याला कोणी पाठवलं? कोणाकडे पाठवलं? आणि याने दिलेला शब्द पाठवणाऱ्यावर कितपत बंधनकारक आहे?

हे तीन प्रश्न घेऊन आज आपण मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या आपल्याच पट्ट्यातून जाऊ. कारण या किनाऱ्याने दूतांच्या पदव्या नुसत्या ऐकल्या नाहीत, त्यांची किंमत मोजली आहे.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूतांचे तीन प्रकार दिले आहेत. पहिला निसृष्टार्थ. याच्यावर काम पूर्ण सोपवलेलं असतं, प्रसंग बघून तो स्वतः निर्णय घेऊ शकतो. दुसरा परिमितार्थ. याला मर्यादा आखून दिलेली असते, तेवढ्यातच त्याने बोलणी करायची. तिसरा शासनहर, म्हणजे राजाचा लेखी निरोप नेऊन देणारा. कौटिल्य पुढे म्हणतो की पहिल्याच्या अंगी अमात्याचे सगळे गुण हवेत, दुसऱ्यात पाव हिस्सा कमी चालतील, तिसऱ्यात निम्मे. बघा, इथे कपडा, छत्र, पालखी, मानपान यांवरून वर्गवारी केलेली नाही. शब्दाला वजन किती, एवढीच कसोटी आहे. आपल्याला आज हीच कसोटी शेवटपर्यंत वापरायची आहे.

आता सतराव्या शतकात येऊ. मराठी कागदांत दूताला तीन-चार शब्द आढळतात. ‘हेजीब’ हा मूळ अरबी ‘हाजिब’. दरबाराच्या दाराशी उभा राहून आलेल्याला आत नेणारा अधिकारी. दक्षिणेतल्या शाह्यांत तो दूत झाला. ‘एलची’ हा तुर्की शब्द. आणि ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. एक चिठ्ठी आली आहे, कोर्टातला वकील आणि हा वकील एकच का? शब्द एकच. दोघेही दुसऱ्याच्या नावाने बोलतात. ज्याच्या नावाने बोलतात, हार-जीत त्याची असते. पुढे राजे गेले, कोर्टं आली, आणि शब्दाला दुसरी नोकरी लागली.

1659 साली प्रतापगडाच्या प्रसंगी खानाकडून कृष्णाजी भास्कर आले आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण तिच्यातलं एक लक्षात घ्या. पंताजीपंत फक्त निरोप्या नव्हते. खानाच्या छावणीत काय बोलायचं, काय बघून यायचं, भेटीच्या अटी कशा जमवायच्या, हे प्रसंगावधानाचं काम होतं. कौटिल्याच्या भाषेत ते शासनहराच्या कितीतरी वर होते. पदवी मात्र साधी होती.

याच्या उलट बाजू 1674 ची. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. बरोबर नारायण शेणवी दुभाषे. आता पहिला प्रश्न विचारा : याला पाठवलं कोणी? इंग्लंडच्या राजाने नव्हे. एका व्यापारी कंपनीच्या मुंबईतल्या मंडळींनी पाठवलं. म्हणजे एका बाजूला अभिषिक्त राजा आणि दुसऱ्या बाजूला वखारीचा माणूस. बोलणी निराजी पंडितांमार्फत झाली. इंग्रजांच्या मागण्यांत एक कलम असं होतं की आमची जहाजं वादळाने तुमच्या किनाऱ्याला लागली, तर माल आम्हाला परत द्यावा. त्यावर महाराजांकडून जे उत्तर आलं ते फ्रायर या इंग्रज डॉक्टरने नोंदवून ठेवलं आहे. त्याचा आशय असा : वाहून आलेल्या मालाबद्दल कोकणचा रिवाज तसा नाही, आणि तुम्हाला ही सवलत दिली तर उद्या फ्रेंच, डच सगळेच मागतील. आपल्या बंदरांतल्या माणसांना यातलं मर्म लगेच कळेल. एका दूताला दिलेला शब्द इतर सगळ्या दूतांच्या कानावर जातो. आजही परराष्ट्र खात्यात हाच विचार करून सवलत देतात किंवा नाकारतात.

मग इंग्लंडच्या राजाने स्वतः पाठवलेला राजदूत आला असता तर जास्त काम झालं असतं का? त्याचंही उदाहरण आपल्या घाटावरच आहे. 1701 साली सर विल्यम नॉरिस हा तिसऱ्या विल्यमचा राजदूत पन्हाळ्याच्या वेढ्यात औरंगजेबाला भेटला. पदवी केवढी मोठी! थाटही तसाच. पण बादशहाने समुद्रातल्या चाच्यांच्या बंदोबस्ताची हमी मागितली, आणि ती देणं नॉरिसच्या हातात नव्हतं. हात हलवत परत गेला आणि 1702 मध्ये घरी पोचण्याआधी जहाजावरच वारला. ऑक्झिंडेन लहान पदवीचा, त्याने तह नेला. नॉरिस मोठ्या पदवीचा, त्याला काहीच मिळालं नाही.

पण म्हणून व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी निरुपद्रवी होता असं समजू नका. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवलं की हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा उभा आहे. दूत ज्याच्या नावाने बोलतो तो एक, आणि ज्याच्या बळावर बोलतो तो दुसरा, हे पंतांनी ओळखलं होतं. अमात्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे आपल्या भुईबावडा घाटाच्या माथ्यावरची. तिथून हा किनारा त्यांना नीट दिसत असणार.

इथे थोडं तत्त्वज्ञान येऊ द्या, ती आमची जुनी खोड आहे. 1651 साली थॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये प्रतिनिधित्वाचा विचार करताना दोन माणसं वेगळी केली. एक शब्द उच्चारणारा आणि दुसरा त्या शब्दाचा धनी. नाटकातला नट बोलतो, पण वाक्य लेखकाचं असतं. वकील हा असा नट आहे. त्याचा मान ठेवायचा तो त्याच्या शब्दाच्या धन्यासाठी. म्हणूनच लंकेत बिभीषण रावणाला सांगतो की दूताला मारू नये. दूत मारला तर दोन राज्यांमध्ये बोलण्याची जागाच उरत नाही.

अठराव्या शतकात मराठ्यांनी ही वकिलीची व्यवस्था फार मोठी केली. दिल्लीला हिंगणे घराणं पिढ्यान्‌पिढ्या पेशव्यांचे वकील. निजामाकडे गोविंदराव काळे. हे लोक तिथेच राहत, बातमीपत्रं पाठवत, हुंड्या वटवत, दरबारातली हवा ओळखत. आज वकिलातीतल्या पाच खात्यांत वाटलेलं काम एकेक माणूस आणि त्याचे दोन-चार कारकून करत. आणि याच ‘वकील’ शब्दाची दुसरी टोकाची उंची बघा. 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ ही पदवी मिळवली आणि स्वतः त्यांचे नायब झाले. मुतलक म्हणजे बिनशर्त, सर्वाधिकारी. हा कोणाच्या दरबारात पाठवलेला दूत नव्हे, तर बादशहाच्या वतीने सगळा कारभार पाहणारा. शब्द तोच, वकील. पुढे एक विशेषण लागलं आणि अर्थ जमिनीवरून आभाळाला गेला. म्हणून आम्ही म्हणतो, पदवीचं नाव वाचून थांबू नका. सनदेत काय लिहिलंय ते वाचा.

पदव्यांना कोकणात केवढी धार होती, त्याचीही एक गोष्ट सांगून टाकतो. सावंतवाडीच्या खेम सावंतांचा 1763 मध्ये जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी विवाह झाला आणि दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजे बहादुर’ हा किताब मिळाला. कोल्हापूरकरांना तो सहन झाला नाही, त्यांनी वाडीवर स्वारी करून काही गड घेतले. एका किताबापायी माणसं मेली! हसू नका. किताबाने रांगेतली जागा बदलते, आणि ज्याची जागा मागे सरकते तो गप्प बसत नाही. युरोपातही 1661 साली लंडनच्या रस्त्यावर स्पेन आणि फ्रान्सच्या राजदूतांच्या लोकांनी, कोणाची गाडी पुढे, एवढ्यावरून मारामारी केली आणि तिथेही माणसं गेली.

आता आपण त्या पदवीकडे येऊ जिने सगळ्यात कमी आवाज केला आणि सगळ्यात जास्त घेतलं. रेसिडेंट. शब्दशः अर्थ काय? राहणारा. बस, एवढाच. 1786 मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्यात रेसिडेंट म्हणून आला तेव्हा तो अनेक परक्या वकिलांपैकी एक होता. संगमावर राहायचा, दरबारात यायचा, बातम्या गोळा करायचा. 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला. पेशव्यांच्या मुलखात कंपनीची फौज आली आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, हे कलम आलं. रेसिडेंटची पाटी बदलली नाही, दालन बदललं नाही, पगाराचा शिक्काही तोच. पण त्या दिवसापासून तो पाहुणा राहिला नाही.

त्यानंतर 1815. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून पुण्याला हिशोबाची बोलणी करायला आले होते. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली होती. जुलै महिन्यात पंढरपुरात त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्र्यंबकजी डेंगळ्यांवर ठपका ठेवला आणि त्यांना ताब्यात मागितलं. खुनामागे कोण, यावर इतिहासकार वाद घालत राहतील. आपल्या विषयाचा मुद्दा निराळा आहे. दोन मराठी दरबारांमधला दूत मारला गेला, आणि न्याय मागायला उभा राहिला तिसराच, कारण हमी त्याची होती. ज्याच्या हमीवर दूत चालतो, तोच शेवटी दोन्ही घरांचा मालक होतो. जून 1817 च्या पुणे तहाने ते कागदावर आलं. पेशव्यांनी परक्या दरबारात वकील ठेवायचे नाहीत, त्यांचे घ्यायचे नाहीत, जे बोलायचं ते रेसिडेंटमार्फत. आपण पेशवाईचा शेवट 1818 चा मानतो. आम्हाला विचाराल तर ज्या दिवशी वकिलांना परत बोलवावं लागलं, त्या दिवशी राज्य संपलं. पुढचं वर्ष फक्त लढाईचं.

आपल्या किनाऱ्यावर हेच लहान प्रमाणात आणि जास्त स्वच्छ दिसतं. 1730 साली मुंबईचे इंग्रज वाडीच्या फोंड सावंतांशी आंग्र्यांविरुद्ध तह करत होते. तेव्हा त्यांना वाडीची गरज होती. 1812 मध्ये कोल्हापूरकरांनी सिंधुदुर्ग किल्ल्यासह मालवण दिलं, त्याच साली वाडीने वेंगुर्ला दिलं. 1819 मध्ये वाडीशी पुन्हा तह झाला. कंपनीचं वर्चस्व मान्य, कर्लीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा कंपनीला, आणि इतर कोणत्याही सत्तेशी राजकीय बोलणं बंद. बदल्यात संरक्षण. आणि 1838 मध्ये कारभारच इंग्रजांनी हातात घेतला. त्यांचा जो अधिकारी वाडीत बसला त्याची पदवी होती ‘पोलिटिकल सुपरिंटेंडेंट’. राजदूत नव्हे, वकील नव्हे. सुपरिंटेंडेंट म्हणजे देखरेख करणारा. बरोबरीच्या राज्यात कोणी देखरेख करणारा नेमत नाही. इथे मात्र पाटी खरं बोलते.

आता गंमत बघा. ज्या 1815 साली पंढरपुरात शास्त्र्यांचा खून झाला, त्याच साली मार्चमध्ये व्हिएन्नात युरोपातल्या राष्ट्रांनी दूतांच्या पायऱ्या ठरवल्या. वर राजदूत, मग विशेष दूत किंवा मंत्री, मग कार्यभारी. आणि एकाच पायरीवरच्या दोघांत पुढे कोण? जो आधी हजर झाला तो. राजा मोठा की लहान, याचा संबंध नाही. किती शहाणी तोड! लंडनच्या रस्त्यावरची मारामारी एका तारखेने मिटवली. पण ही समता युरोपच्या राजांपुरती होती. आपल्या दरबारांना त्या पंगतीत पान नव्हतं. ते वाढलं गेलं स्वातंत्र्यानंतर. 1961 च्या व्हिएन्ना कराराने तीन वर्ग ठेवले आणि स्पष्ट केलं की वर्गाचा फरक फक्त मानक्रम आणि शिष्टाचारापुरता. राजदूत दुसऱ्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला असतो, कार्यभारी परराष्ट्र मंत्र्याकडे. म्हणजे पुन्हा आपला दुसरा प्रश्न : कोणाकडे?

उच्चायुक्ताचं कोडंही याच प्रश्नाने सुटतं. राष्ट्रकुलातले कितीतरी देश एकाच राजाला राष्ट्रप्रमुख मानत. आता राजा स्वतःच स्वतःकडे राजदूत कसा पाठवणार? म्हणून एक सरकार दुसऱ्या सरकारकडे उच्चायुक्त पाठवी. 1950 मध्ये आपण प्रजासत्ताक झालो, राजा गेला, पण राष्ट्रकुलात राहिलो म्हणून नाव राहिलं. रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर 1952 ते 54 लंडनला उच्चायुक्त होते. त्यांच्या मागून विजयालक्ष्मी पंडित आल्या. त्यांचे पती रणजित पंडित हे मूळचे आपल्याच बाजूच्या बांबुळी गावच्या घराण्यातले. विजयालक्ष्मीबाई आधी मॉस्को आणि वॉशिंग्टनला राजदूत होत्या. लंडनला त्या उच्चायुक्त झाल्या, आणि त्याच वेळी आयर्लंडचं कामही त्यांच्याकडे होतं. आयर्लंड 1949 मध्येच राष्ट्रकुलातून बाहेर पडलेलं. त्यामुळे बाई लंडनला उच्चायुक्त आणि डब्लिनला राजदूत. व्यक्ती एक, पाठवणारं राष्ट्र एक, अधिकार तोच. बदलला तो फक्त समोरच्या देशाशी असलेला नात्याचा प्रकार.

कार्यभारीचं महत्त्व कळायचं असेल तर आजचा इस्लामाबाद बघा. ऑगस्ट 2019 मध्ये पाकिस्तानने आपल्या उच्चायुक्तांना परत पाठवलं. त्यानंतर दोन्हीकडे कार्यभारीच काम पाहत आले. दार बंद केलेलं नाही, पण मुख्य खुर्ची रिकामी ठेवली आहे. रिकाम्या खुर्चीनेही दोन देश एकमेकांशी बोलत असतात.

आणि वाणिज्यदूत? त्याचा धडा आपल्याला गोव्याने शिकवला. लिस्बनमध्ये आपली वकिलात होती, ती जून 1953 मध्ये बंद केली. पण पणजीतलं आपलं वाणिज्य दूतावासाचं कचेरीचं काम चालू राहिलं. असं कसं? कारण दूत राज्याच्या वतीने राज्याशी बोलतो, आणि वाणिज्यदूत आपल्या माणसांची कागदपत्रं, व्यापार, अडचणी बघतो. राज्या-राज्यांचं बोलणं तुटलं म्हणून माणसांची कामं थांबत नाहीत. बांदा, सातार्डा आणि पलीकडे पेडणे, इथल्या माणसांच्या सोयरिकी, देवळं, बागा दोन्हीकडे. मग 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, आणि 1 सप्टेंबरपासून ती कचेरीही बंद झाली. दूत परत येतो तेव्हा दिल्लीत बातमी होते. वाणिज्यदूत परत येतो तेव्हा सीमेवरच्या घराला कळतं.

शेवटी एका मराठी माणसाची कारकीर्द समोर ठेवतो, म्हणजे सगळ्या पाट्या एका रांगेत दिसतील. औंधच्या राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. 1948 मध्ये नैरोबीला गेले ते ‘आयुक्त’ म्हणून. पूर्व आफ्रिका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती, वसाहतीकडे राजदूत पाठवता येत नाही. पुढे ते इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त आणि इटलीत राजदूत होते, लंडनला उच्चायुक्त होते. आणि मध्ये, 1955 ते 61, गंगटोकला होते. तिथली त्यांची पदवी? ‘पोलिटिकल ऑफिसर’. ओळखीची वाटली ना? वाडीच्या सुपरिंटेंडेंटची ही सख्खी भावकी. 1950 च्या तहाने सिक्कीम भारताच्या संरक्षणाखाली होतं, आणि परक्या सत्तांशी व्यवहार त्याने स्वतः करायचे नाहीत असं ठरलं होतं. 1819 मध्ये जे कलम आपल्या किनाऱ्याला लागू झालं, साधारण तेच कलम आता आपण दुसऱ्याला लावत होतो, आणि ते राबवायला गेलेला माणूस एका लहान संस्थानाचा राजपुत्र होता. 1975 मध्ये सिक्कीम भारताचं राज्य झालं. शेजारच्या भूतानची वाट वेगळी झाली. 1971 मध्ये तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, आणि 2007 च्या नव्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचं जुनं कलम राहिलं नाही.

याला अन्याय म्हणायचं की सीमेची गरज, यावर तुमचं-आमचं एकमत होईलच असं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. चीन तिबेटात आल्यानंतरचा तो काळ होता, हेही तोलून बघायला हवं. पण प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यात आधी आपल्याला पोचतो. कारण दुसऱ्याने आपल्या वतीने बोलायला लागल्यावर काय होतं, ते वाडीने आणि मालवणने बघितलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत एखादी पदवी वाचाल तेव्हा ती मोठी की लहान हे विचारू नका. पाठवलं कोणी, कोणाकडे, आणि त्याचा शब्द किती दूर चालतो, हे विचारा. आणि चौथा प्रश्न तितकाच महत्त्वाचा : समोरच्याला आपला माणूस उलट पाठवायची मुभा आहे का? ती असेल तर दूत पाहुणा आहे. नसेल तर त्याला काहीही म्हणा, घर त्याचंच झालेलं असतं.